सुकतीला झोपणारं मशीन

अलिबागच्या कबड्डीच्या मैदानावर प्राप्ती चढाईला निघाली आणि नेमका तिच्या आईचा फोन वाजला.

जागृतीने स्क्रीनवरचं नाव बघितलं, मैदानाकडे बघितलं आणि फोन उचलला. न उचलून चालणारच नव्हतं. रविवारच्या दुपारी दिवेखारच्या धक्क्यावरच्या तिकीटखिडकीतून रंगूवहिनीचा फोन येतो, तो काही ख्यालीखुशाली विचारायला येत नाही.

"मशीन बसलंय गो," रंगूवहिनी म्हणाली. तिच्या मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. "एक तिकीट निघतं नि मग ती चक्री फिरत बसते. रांग पार भजीवाल्यापर्यंत गेलीय. लवकर ये."

"मॅच चालू आहे, वहिनी. शेवटची थोडीच मिनिटं राहिलीत."

"ते मना काय सांगतेस? या लोकांना सांग." आणि तिने खरोखरच फोन खिडकीबाहेर धरला असावा, कारण पुढचं जे काही जागृतीच्या कानात शिरलं ते मुंबईहून आलेल्या कुणा गाडीवाल्याचं होतं आणि फार सभ्य नव्हतं.

तिने स्कूटर काढली. फाटकातून बाहेर पडताना मैदानावर जो आरडाओरडा उठला तो तिने पाठीनेच ऐकला. कुणीतरी काहीतरी मोठं केलं होतं. कुणी आणि काय, ते तिला संध्याकाळी कळलं. तिच्याच लेकीने एका चढाईत तिघींना बाद करून सामना फिरवला होता.

दिवेखार खाडीच्या अलीकडे, सोनकोट पलीकडे. रस्त्याने जायचं तर सगळ्या खाडीला वळसा घालावा लागतो आणि दुपार तिथेच मोडते. लाँचने गेलं तर हातातला चहा निवायच्या आत माणूस पलीकडे पोचतं. गावची मिठागरं बंद पडली तेव्हा काही आगरी घरांनी ट्रेलर घेतले, काहींनी मिळून ही जलवाहतूक सोसायटी काढली. दोन लाँच आणि गाड्या नेणारा एक सपाट बार्ज. आधी सगळा कारभार कागदी तिकिटांवर चालायचा. मग शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांना घरबसल्या गाडीचं बुकिंग हवं झालं, आणि सोसायटीने सर्व्हर आणला. मिठाच्या जुन्या कोठारात, गावातल्या एकमेव सदैव चालू एसीखाली, तो काळा डबा बसला. दोन्ही काठांवरच्या तिकीटखिडक्या, गाड्यांचं बुकिंग आणि धक्क्यावरचं तिकीट दाखवल्यावर फिरणारं लोखंडी गेट, सगळं त्याच्यावर. गावात त्याला सर्व्हर कुणी म्हणत नाही. मशीन म्हणतात.

मशीनला एक खोड होती. रीस्टार्ट केलं की तीनचार दिवस ते वाऱ्यासारखं धावायचं, मग जड व्हायचं, आणि शेवटी बसकण मारायचं. वाशीच्या ज्या कंपनीने ते बसवून दिलं होतं तिथल्या पोराचं उत्तर ठरलेलं होतं. "मॅडम, एकदा रीस्टार्ट मारा ना, होऊन जाईल."

आणि रीस्टार्ट मारायचा अधिकार अख्ख्या सोसायटीत फक्त मशीन सांभाळणाऱ्या जागृतीला. हा नियम चेअरमन दयारामतात्यांचा. एकदा निकेश नावाच्या खिडकीवरच्या पोरग्याने मशीन हँग झालं म्हणून सरळ प्लग खेचला होता. मशीन उठलं, पण त्या दिवसाचं निम्मं बुकिंग खाडीत गेलं. एका गाडीच्या जागेवर तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि तिघांनीही तात्यांचीच कॉलर धरली. तेव्हापासून कोठाराची चावी जागृतीच्या पर्समध्ये. त्या चावीपायी ती भावाच्या साखरपुड्यातून उठून आली होती, दाताच्या डॉक्टरकडून अर्धा दात भरून आली होती. नवरा, जीवन, उरणच्या बंदरात ट्रेलर चालवतो, तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा जास्त ड्युटी तुझी आहे."

त्या संध्याकाळी प्राप्ती घरी आली ती गळ्यात पदक घालूनच.

"आई, बघितलंस ना?"

"बघितलं की."

"कोणत्या कोपऱ्यातून सुटले सांग."

जागृतीने भाजीत उगाच डाव फिरवला. प्राप्ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "पालीला फायनल आहे," ती म्हणाली, "तिथे तू येऊच नकोस. आमच्या बाई सांगत होत्या, प्राप्तीच्या आईचा फोन वाजला की अख्खी टीम बिचकते. मागच्या वेळी मीरा पकड सोडून तुझ्याकडे बघत राहिली."

जागृतीही हसली, पण ते बोलणं तिला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

दयारामतात्या तिचे चुलत सासरे. सोसायटी निघायच्या आधीपासून लाँच चालवत आलेले, आता चेअरमन. हात मात्र अजून डिझेलचेच. कोठाराच्या बाहेर बाकावर बसून ते एका पंपाचं पोट उघडून बघत होते.

"तात्या, मशीन आपलं आपण रीस्टार्ट होईल असं करते. ठरल्या वेळी, रोज. कुणी हात लावायला नको."

तात्यांनी पंपातून मान वर केली नाही. "नको."

"का नको?"

"बंद करायला अक्कल लागत नाय गो. कुणीबी करतं. बंद केलेलं परत नीट चालू झालं का, ते बघायला डोळे लागतात. मी आयुष्यभर इंजिन चालू केलंय, पण जवळ माणूस उभा नाय असं कधी केलं नाय."

"बरोबर आहे. पण ते डोळे दर वेळी माझेच का?"

आता मात्र तात्यांनी वर बघितलं. तिचा चेहरा बघितला. हातातला पाना खाली ठेवला.

"पोरगी रागावली काय?"

"रागावली नाही. येऊ नकोस म्हणाली."

"हे वाईट," तात्या म्हणाले. त्यांनी पाना पुन्हा उचलला. "बरं, कर. पण वेळ अशी काढ की धक्क्यावर चिटपाखरू नसंल."

ही वेळ काढणं वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. रात्र सोपी वाटत होती, पण रात्री बार्जवर मासळीचे ट्रक असतात. सकाळी चाकरमाने, दुपारी बाजाराच्या बायका. जागृतीने मागच्या आठवड्याची सगळी तिकिटं स्क्रीनवर मांडली, आणि एक जागा तिला स्वच्छ रिकामी दिसली. संध्याकाळी सहाच्या सुमारास तिकीट जवळजवळ नव्हतंच. तिने तात्यांना दाखवलं. तात्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हो की. संध्याकाळी कोण फिरकत नाय." तिने मशीनला सांगून टाकलं: रोज संध्याकाळी सहा वाजता आपणहून झोपायचं आणि आपणहून उठायचं.

पहिल्या संध्याकाळी ती आणि तात्या दोघंही कोठारात उभे राहून बघत होते. हिरवे दिवे विझले, पंखा थांबला, पुन्हा घरघरला, दिवे लागले. खिडकीतून रंगूवहिनीने ओरडून सांगितलं, तिकीट निघतंय. गेटही फिरलं. दुसऱ्या दिवशी एकट्या तात्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी कुणीच बघितलं नाही. जागृती तीन दिवस लागोपाठ जेवण पूर्ण करून उठली, आणि एका संध्याकाळी तर समुद्राकडे तोंड करून नुसतीच बसली. काय करायचं असतं अशा वेळी, ते तिला आठवेना.

मग अल्पेशचं लग्न आलं.

नवरा दिवेखारचा, नवरी सोनकोटची, मुहूर्त संध्याकाळचा. सगळं गाव वऱ्हाडात. जागृतीने हिरवी नऊवारी नेसली होती, तात्यांनी भगवा फेटा बांधला होता. पुढे बेंजो पार्टी, मागे बायका, मध्ये मुंडावळ्या बांधलेला अल्पेश, असं सगळं वाजतगाजत धक्क्यावर आलं. लाँच सजवून तयार होती. लाँच चालवणाऱ्या अनंता तांडेलाने तर तिच्या नाकाला झेंडूची माळही घातली होती. नवऱ्याचा मान म्हणून पहिलं तिकीट अल्पेशच्या हातात दिलं. त्याने ते गेटला दाखवलं, टीं असा आवाज झाला, लोखंडी दांडा फिरला, नवरा आत शिरला.

आणि सहा वाजले.

दांडा अर्ध्यावर थांबला. अल्पेश पुढच्या दांड्याच्या मागे आणि मागच्या दांड्याच्या पुढे, असा बरोबर मध्ये अडकला. पुढे सरकावं तर पोटाला लोखंड, मागे यावं तर पाठीला. मुंडावळ्या सावरायला हात वर केला तो तसाच राहिला.

"काय झालं?" त्याची आई भागुबाई पुढे आली.

"आई, मशीनने धरलंय."

"कुणी धरलंय?"

खिडकीतून रंगूवहिनी ओरडली, "जागृतीऽ! सगळं काळं झालं गो!"

मागच्या लोकांना वाटलं, नवऱ्याला अडवून कुणी मान मागतंय. कुणीतरी कुणालातरी नारळ आणायला पिटाळलं. बेंजोवाल्यांना तर थांबायचं कारणच दिसलं नाही. नवरा उभा आहे, वऱ्हाड उभं आहे, म्हणजे इथेच नाचायचं असणार असं धरून त्यांनी ताल वाढवला. बायका नाचायला लागल्या. तात्या फेट्यासकट गर्दीतून वाट काढत गेटपर्यंत आले, आणि समोर अडकलेला नवरा बघून आधी हसूच आलं त्यांना. मग त्यांनी दांडा हलवून बघितला. दांडा हलला नाही.

जागृती नऊवारीचा काष्टा सावरत कोठाराकडे धावली.

मशीन उठत होतं. तिच्या समोर ते हळूहळू, आळसावलेल्या माणसासारखं जागं झालं. खिडक्या चालू झाल्या. बुकिंग चालू झालं. गेटचा प्रोग्राम मात्र उठलाच नाही. का, ते तिला बघितल्याबरोबर कळलं. गेटला जागं होताना आधी तिकिटांची नोंद उघडी सापडावी लागते. आज बुकिंगचा पसारा मोठा होता म्हणून ती उघडायला उशीर लागला. गेटने दोनचार वेळा दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, तेव्हा ते आपलं परत झोपून गेलं. तिने ते हाताने उठवलं. बाहेर टीं असा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ एवढा जल्लोष की पलीकडच्या काठावर नवरीकडच्या माणसांना वाटलं, लग्न इकडेच लागलं.

ती परत धक्क्यावर आली तेव्हा अल्पेश लाँचमध्ये बसला होता. भागुबाई तिला म्हणाली, "तुझ्या मशीनने माझ्या पोराला आधी धरलं, आता सून धरंल." चिडून नव्हे, ती हसत होती. मुहूर्त अजून हातात होता.

जागृती पायऱ्यांजवळ उभी राहिली. लाँचमध्ये चढायचं म्हणून तिने खाली बघितलं, आणि तिथेच थांबली. पाणी धक्क्याच्या मधल्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. लाँच अशी अलगद तरंगत होती की पाऊल टाकलं की आत.

मागच्या आठवड्यात याच वेळी इथे पाणी नव्हतं. चिखल होता, चिखलात खेकडे होते, आणि दोन्ही लाँच बाजूला कलंडून पडल्या होत्या. पुनवेचं उधाण होतं ते. उधाणात संध्याकाळी खाडी पार रिकामी होते. अशा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लाँच निघत नाही, म्हणून तिकीट नाही. सहाची वेळ रिकामी नव्हतीच. खाडी रिकामी होती. आणि खाडीची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते. आठवड्यात सगळं उलटं होतं. जिथे चिखल होता तिथे भरती.

ती मिठागरवाल्याची मुलगी. आगराची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, उघडायला तिचा बाप कधी पहाटे जायचा, कधी जेवणावरून उठून जायचा, आणि घड्याळात बघून गेलेलं तिने त्याला जन्मात बघितलं नव्हतं.

ती मोठ्याने हसायला लागली. "तात्या," ती म्हणाली, "पाणी बघा."

तात्यांनी पाणी बघितलं. मग कपाळावर हात मारला, तो फेट्यावर बसला. "अगो आई गं! आणि मीबी हो म्हटलं ना! आयुष्य खाडीत गेलं माझं, नि चष्मा लावून म्हटलं, संध्याकाळी कोण फिरकत नाय!"

"लग्नाला चला आधी," अनंता तांडेल म्हणाला, "मग कपाळं बडवा."

लग्न झकास लागलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोठाराच्या बाहेरच्या बाकावर, दोन कप चहा मध्ये ठेवून, जागृती आणि तात्या समोरासमोर बसले. तात्या सुरुवातीलाच म्हणाले, "बंद करून टाक ते. काल नवरा होता, उद्या कुणी आजारी माणूस असंल." यावर हसण्यासारखं काही नव्हतं. जागृतीने मान डोलावली.

"पण बंद केलं तर परत चावी माझ्या पर्समध्ये."

"ते बी खरं."

तिने आधी वाशीला फोन लावला. या वेळी ती रीस्टार्टच्या उत्तरावर थांबली नाही. का करावं लागतं, ते विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी त्या पोराने कबूल केलं, "मॅडम, गेटवाला जो प्रोग्राम आहे ना, तो मेमरी पकडतो आणि सोडत नाही. नवीन व्हर्जनमध्ये होऊन जाईल. टेस्टिंग चालू आहे."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत रीस्टार्ट मारत राहा. रोज नको, तीन दिवसांतून एकदा केलं तरी चालेल."

तात्यांनी फोनवरचं सगळं कान देऊन ऐकलं. "म्हणजे हे औषध नाय," ते म्हणाले, "नुसता लेप हाय."

"लेपच. पण लेप तरी नीट लावू या. रोज लावायची गरज नाही, एवढं तर कळलं."

"मग वेळ?"

"घड्याळाची वेळ नाहीच. वर्षभराच्या भरती-सुकतीचं कोष्टक मिळतं, ते मशीनला देते. तिसऱ्या दिवशी जी सुकती येईल ती त्याची वेळ."

तात्यांनी बोट वर केलं. "भांगाच्या दिवसांत काय करशील? तेव्हा पाणी धड उतरत नाय नि धड चढत नाय. लाँच दिवसभर चालते."

"म्हणून सुकती आली तरी आधी विचारायचं. एखाद्या खिडकीवर तिकीट चालू आहे का, गेटमध्ये कुणी आहे का, बार्ज लागलाय का. असेल तर थांबायचं, थोड्या वेळाने परत विचारायचं."

"आणि मशीनला कळलं नाय, पण रंगूला दिसतंय की समोरून वऱ्हाड येतंय, तर?"

जागृतीला हे सुचलं नव्हतं. "तर रंगूवहिनीच्या स्क्रीनवर आधी सूचना येईल, आणि खाली एक बटण. 'थांब' म्हणून. तिने दाबलं की थांबेल."

खिडकीतून रंगूवहिनीचा आवाज आला, "बटण मोठं ठेव. लाल."

"पण वहिनी, रोजच थांब थांब केलंत तर ते बसकण मारेल परत."

"मी काय वेडी हाय?"

तात्यांनी चहा संपवला, कप उपडा ठेवला. त्यांचा मुख्य मुद्दा अजून राहिला होता. "उठल्यावर कोण बघणार? डोळे कुणाचे?"

"मशीन स्वतःच बघेल. उठल्यावर खिडक्या तपासायच्या, मग तिकिटांची नोंद उघडली का बघायची, ती उघडल्याशिवाय गेटला उठवायचंच नाही. शेवटी गेट एकदा रिकामं फिरवून बघायचं. आणि मग तुम्हाला न् मला मेसेज. काही बिघडलं असेल तर मेसेज नाही, सरळ फोन वाजेल."

"मेसेज मराठीत पायजे," तात्या म्हणाले, "नि आपल्या बोलीत. ते इंग्रजी आलं तर मी वाचणार नाय."

मेसेज तात्यांनी स्वतः सांगितला, तिने तसाच घातला. आठवडाभर दोघांनी ते मुद्दाम उलटसुलट करून बघितलं. तात्या ऐन सुकतीला गेटमध्ये जाऊन उभे राहायचे आणि फोनवर मेसेज यायचा: "थांबलोय. धक्क्यावर माणूस हाय." मग ते बाजूला व्हायचे, आणि थोड्या वेळाने: "उठलो. खिडक्या बऱ्या हायत. गेट बरं हाय." तात्यांना याचा इतका नाद लागला की रंगूवहिनीने त्यांना शेवटी गेटजवळ यायची बंदी केली. एकदा जागृतीने मुद्दाम गेटचा प्रोग्राम मोडून ठेवला, तेव्हा तात्यांचा फोन अशा काही कर्कशपणे वाजला की ते वामकुक्षीतून उठून धोतरानिशी धावत आले. कोठारात पोचल्यावर म्हणाले, "बरोबर. असाच वाजला पायजे."

पालीच्या फायनलचा रविवार पुनवेच्या जरा अलीकडे आला. खाडी साडेचारच्या पुढे रिकामी होणार होती, आणि सामना त्याच सुमाराला. तिसरा दिवसही नेमका तोच. जागृती शनिवारी तात्यांना म्हणाली, "आजच हाताने करून टाकते, मग उद्या काही प्रश्नच नाही."

"नको," तात्या म्हणाले. "तू नसताना होतंय का, ते बघायलाच तर केलंय सगळं. मी हाय ना धक्क्यावर. जा तू."

तिने जाताना कोठाराची चावी त्यांच्या हातात ठेवली. तात्यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात नीट घातली.

पालीत बल्लाळेश्वराला येणाऱ्यांची गर्दी होती आणि मैदानाभोवती त्याहून जास्त. जागृती पहिल्या रांगेत बसली. पर्स मांडीवर, फोन पर्समध्ये. पहिल्या डावात प्राप्तीने दोन चढायांत दोन गुण आणले, तिसऱ्यात पकडली गेली, बाहेर बसली, परत आली. जागृतीला नियम धड माहीत नव्हते, हे तिला आत्ता कळत होतं. इतकी वर्षं तिने प्रत्येक सामन्याचे तुकडेच बघितले होते. बोनस म्हणजे काय, ते तिने शेजारच्या बाईला विचारलं.

मध्यंतराला तिने फोन काढला. एकच मेसेज होता. "थांबलोय. बार्ज लागलाय."

तिने घड्याळ बघितलं. एव्हाना भर सुकती असायला हवी होती. बार्ज अजून धक्क्याला कसा? अडकला असेल? गाळात बसला असेल? तात्यांना फोन लावावा म्हणून बोट नावावर गेलं. तेवढ्यात समोरून पाण्याची बाटली घेऊन प्राप्ती तिच्याकडे बघत होती. नुसती बघत होती, फोनकडे.

जागृतीने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली, आणि पर्स शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवली. "जरा सांभाळा," ती म्हणाली, "आणि मागितली तरी देऊ नका."

दुसरा डाव तिने सगळा बघितला. एक एक चढाई. प्राप्ती डाव्या कोपऱ्याला हूल देऊन उजवीकडून आत जाते, हे तिने बघितलं. समोरची उंच मुलगी गुडघ्याला झेप घेते, हेही तिने बघितलं आणि "गुडघा, गुडघाऽ" म्हणून इतकी ओरडली की पंचांनी वळून बघितलं. गुण बरोबरीत आले. शेवटच्या चढाईत प्राप्ती दोघींना हात लावून मध्यरेषेकडे परतली, उंच मुलीने घोटा धरला, आणि प्राप्ती सगळ्या लांबीने पुढे झेपावली. बोटं रेषेला लागली का नाही, यावर मैदानाचे दोन भाग झाले. पंचांनी हात वर केला: नाही लागली. पकड. सामना समोरच्यांचा.

"लागली होती!" जागृती उठून रेषेपर्यंत चालत गेली होती, ते तिच्या नंतर लक्षात आलं. "मी बघितलंय! ही बघा, इथे माती उकरलीय! डोळे आहेत का नाही?"

बाईंनी तिला दंडाला धरून मागे आणलं. प्राप्ती मातीत बसून आधी रडत होती. आईला पंचांशी भांडताना बघून रडता रडता हसायला लागली, आणि मग अख्खी टीम हसायला लागली.

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात मुली मिसळीवर तुटून पडल्या तेव्हा जागृतीला पर्सची आठवण झाली. ती अनोळखी बाई शेजारच्याच टेबलावर होती, तिने पर्स परत द्यायच्या आधी "आता मागताय ती खरी का?" असं विचारून घेतलं. फोनवर मेसेज आला होता: "उठलो. खिडक्या बऱ्या हायत. गेट बरं हाय." आणि त्याच्या खाली तात्यांचे चार मिस्ड कॉल.

जागृतीने ताट बाजूला सारलं. तिने फोन लावला. "तात्या? काय बिघडलं?"

"कुठं काय? बार्जवरून उतरताना कलिंगडांचा टेम्पो चिखलात रुतला होता, सगळ्यांनी मिळून ढकलला. तवर मशीन थांबलं बापडं. मग निजलं नि उठलं. मी नुसता बघत होतो, हात नाय लावला."

"मग चार वेळा फोन कशाला?"

"अगो, स्कोर काय झाला? इथं अख्खा धक्का थांबलाय. रंगू तिकीट सोडून उभी हाय."

जागृतीने फोन स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. प्राप्तीने तोंडातला पाव संपवला आणि सांगायला सुरुवात केली. पहिला डाव तिने भरभर उरकला. दुसऱ्या डावात ती म्हणाली की बरोबरी झाली तेव्हा तिने डाव्या कोपऱ्यातून बोनस घेतला.

"उजव्या," जागृती म्हणाली. "डावीकडे हूल दिलीस, ती वाकली, मग उजवीकडून घेतलास. आणि बरोबरी तेव्हा नाही झाली, ती पुढच्या चढाईला झाली."

प्राप्तीने तोंडाजवळ नेलेला घास खाली ठेवला.

"मग तूच सांग," ती म्हणाली आणि फोन आईकडे सरकवला.